उड्डाणशाळेची पारख

हार्बर मार्गावर रे रोड आणि शिवडी यांच्यामध्ये कॉटन ग्रीन नावाचे स्थानक आहे. येथे ना कापसाचे शेत, ना हिरवे कुरण. मग हे नाव पडले कसे? मुंबईतला कापसाचा बाजार पूर्वी कोटातील मोकळ्या मैदानावर भरत असे. इंग्रजीत अशा मैदानाला 'ग्रीन' म्हणतात. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला गेला आणि १९२० च्या दशकात शिवडीजवळच्या भराव घातलेल्या जमिनीवर आला. जागा बदलल्या, नाव मात्र बरोबर आले. स्थानकाजवळची कॉटन एक्स्चेंजची इमारत ही त्याच बाजाराची खूण होय.

या बाजारातला पारखी गासडीवरचा छाप पाहून भाव ठरवीत नसे. गासडीच्या आतून तो मूठभर कापूस ओढून काढी. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तंतू पुन्हापुन्हा ओढून सरळ करी. त्यांची लांबी पाही, रंग पाही, कचरा किती आहे ते पाही आणि मगच बोली लावी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना वैमानिक व्हायचे आहे त्यांना हीच पारख शिकावी लागेल. उड्डाणशाळेच्या जाहिरातीत पांढराशुभ्र गणवेश, काळा चष्मा आणि चकचकीत विमान असते. तो झाला गासडीवरचा छाप. आतला माल म्हणजे विमाने किती, शिक्षक किती, आकाश किती दिवस मोकळे आणि महिन्याला प्रत्यक्ष उड्डाण किती तास. या सगळ्या गोष्टी मोजता येतात. मोजायला लागणारे गणित आठवी ते दहावीच्या पुस्तकात आहे. ते कसे वापरायचे, हे या पाठात पाहू.

जुहूपासून गोंदियापर्यंत

मुंबईत उड्डाणशिक्षणाची सुरुवात जुहूच्या विमानतळावर झाली. तेथे १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते एका छोट्या पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. आपल्या देशातील नियमित हवाई टपाल सेवेचा आरंभ तो हाच.

आज मात्र मुंबईच्या मुलाला विमान शिकायचे तर बहुधा घाट ओलांडून जावे लागते. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाणशिक्षण आता धुळ्याच्या धावपट्टीवर चालते. बारामती, शिरपूर, गोंदियाजवळचे बिरसी या ठिकाणीही उड्डाणशाळा आहेत. अमरावतीजवळ बेलोरा येथे एक मोठी शाळा उभारण्याचे २०२४ मध्ये ठरले.

हे असे का? कारणे दोन, आणि दोन्ही शास्त्रीय. पहिले कारण गर्दीचे. नवा विद्यार्थी धावपट्टीभोवती फेऱ्या घालून उड्डाण आणि उतरण शिकतो. जमिनीपासून सुमारे १,००० फूट उंचीवरून अशी एक फेरी पाच-सात मिनिटांत होते, म्हणजे मोकळ्या विमानतळावर तासाला आठ-दहा वेळा उतरण्याचा सराव होतो. सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाशेजारी जुहूला आता इतके मोकळे आकाश मिळणार कोठून? दुसरे कारण पावसाचे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेच्या प्रदेशात तो पुष्कळ कमी असतो, ढग विरळ असतात आणि उड्डाणाचे दिवस वाढतात.

परवाना म्हणजे किती तास?

आपल्या देशात वैमानिकांचे परवाने नागरी विमानवाहतूक महासंचालनालय देते. त्याला सर्वजण डीजीसीए म्हणतात. विद्यार्थी-वैमानिकाचा परवाना वयाच्या १६ व्या वर्षी, खासगी वैमानिकाचा १७ व्या वर्षी आणि व्यावसायिक वैमानिकाचा १८ व्या वर्षी मिळू शकतो. पगार घेऊन विमान चालवायचे तर व्यावसायिक परवानाच हवा. त्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. या २०० तासांत पुढील गोष्टी असाव्या लागतात:

१. विमानाचा प्रमुख म्हणून, स्वतःच्या जबाबदारीवर, किमान १०० तास.
२. त्यांपैकी किमान २० तास एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याचे. त्यात एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरण्याचा.
३. केवळ उपकरणे पाहून उडण्याचे किमान १० तास.
४. रात्रीचे किमान ५ तास, त्यात १० उड्डाणे आणि १० उतरणी.

तिसऱ्या कलमाचे कारण समजून घेण्याजोगे आहे. आपल्या अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की द्रव मागे राहतो आणि आपल्याला वळण कळते. पण विमान बराच वेळ एकाच वेगाने वळत राहिले, तर द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि मेंदूला वाटते की आपण सरळ चाललो आहोत. बाहेर क्षितिज दिसत असले तर डोळा ही चूक सुधारतो. ढगात शिरल्यावर तो आधार राहत नाही. म्हणून स्वतःच्या जाणिवेपेक्षा समोरच्या तबकड्यांवर विश्वास ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते. ती सवय पुस्तक वाचून लागत नाही.

उड्डाणाबरोबर लेखी परीक्षाही असतात. दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान हे त्यांतले मुख्य विषय. उत्तीर्ण होण्यासाठी १०० पैकी ७० गुण लागतात. बिनतारी संभाषणाची परीक्षा निराळी. या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, असा नियम १९९० च्या दशकापासून होता. तो सैल करावा असा विचार २०२५ मध्ये पुढे आला. नियम काहीही असो, परीक्षेतली गणिते हे दोन विषय आल्याखेरीज सुटत नाहीत. प्रवेशाच्या वेळी डीजीसीएचा चालू नियम स्वतः वाचावा.

आधी तपासणी, मग शुल्क

येथे क्रम फार महत्त्वाचा आहे. वैद्यकीय तपासणीआधी शाळेला मोठी रक्कम देऊ नये. डीजीसीएच्या यादीतील डॉक्टरांकडे प्रथम द्वितीय वर्गाची तपासणी होते. व्यावसायिक परवान्यासाठी प्रथम वर्गाची तपासणी लागते. ती मान्यताप्राप्त केंद्रांत होते आणि अधिक कसून होते. डोळे, रंगांची ओळख, कान, हृदय, रक्तदाब, रक्त-लघवी हे सारे त्यात येते.

चष्मा आहे म्हणून नागरी वैमानिक होता येत नाही, हा गैरसमज आहे. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या मर्यादेपर्यंत सुधारत असेल तर हरकत नसते. रंगदृष्टीचे मात्र तसे नाही. धावपट्टीच्या कडेचे दिवे, दुसऱ्या विमानाच्या पंखांवरचे तांबडे व हिरवे दिवे यांतील फरक ओळखता आला पाहिजे. रंगांधळेपणा बहुधा जन्मजात असतो आणि तो मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळतो. कित्येकांना तो आपल्याला आहे हेच ठाऊक नसते. नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होणारी ही साधी तपासणी आठवी-नववीतच करून घ्यावी. पुढची लाखो रुपयांची आणि त्याहून मोठी मनाची निराशा टळेल.

मुलींनी हे क्षेत्र आपले नाही असे मानण्याचे कारण नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि त्यांच्या सहवैमानिक निवेदिता भसीन यांनी फोकर फ्रेंडशिप विमान कोलकात्याहून सिल्चरला नेले. त्या विमानातील सर्व कर्मचारी महिलाच होत्या.

गासडीच्या आत हात घाला

आता शाळेची पारख. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शाळेच्या माहितीपत्रकात '६ विमाने' असे छापले आहे. भेट दिल्यावर कळते की त्यांतली दोन दुरुस्तीसाठी उभी आहेत. उरली ४. प्रत्येक विमान महिन्याला ६० तास उडते असे धरू.

महिन्याचे एकूण तास = ४ × ६० = २४०

शाळेत २० विद्यार्थी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला १२ तास येतील. २०० तास पुरे व्हायला २०० ÷ १२, म्हणजे सुमारे १७ महिने लागतील. त्याच शाळेत ४० विद्यार्थी असतील तर वाट्याला ६ तास येतील आणि काळ होईल ३३ महिने. शाळा तीच, विमाने तीच, जाहिरातही तीच. फरक केवळ एका भागाकाराचा.

हा फरक पैशांतही मोजता येतो. एखाद्या कुटुंबाने घर तारण ठेवून ५० लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने घेतले आहे आणि सगळी रक्कम उचलली आहे असे समजा. एका महिन्याचे नुसते व्याज होते सुमारे ४५,८०० रुपये. शिक्षण १६ महिने लांबले तर व्याजापोटी सव्वासात लाखांहून अधिक रुपये जातात आणि त्यात एका मिनिटाचेही उड्डाण मिळत नाही. शिवाय दोन उड्डाणांमध्ये फार दिवस गेले की हाताची सवय मोडते आणि शिकलेला धडा पुन्हा गिरवावा लागतो.

म्हणून शाळेला भेट द्यावी. आई-वडिलांना बरोबर घेऊन जावे आणि पुढील प्रश्न वहीत लिहून न्यावेत.

१. आज उडण्याजोगी विमाने किती? एकूण किती हे विचारू नका. शक्य असल्यास विमानघरात जाऊन स्वतः मोजा.

२. सध्या विद्यार्थी किती आणि शिक्षक किती? शिक्षक वारंवार बदलत असतील तर प्रत्येक नवा शिक्षक काही तास तुम्हाला पारखण्यातच घालवील.

३. गेल्या बारा महिन्यांत शाळेने एकूण किती तास उड्डाण केले? त्यात जून ते सप्टेंबर या महिन्यांत किती? खालच्या उंचीवर नजरेच्या भरवशावर उडायला किमान ५ किलोमीटर दृश्यता लागते. पावसाळ्यात ती मिळेलच असे नाही. उत्तर भारतात हिवाळ्यातले धुके हीच अडचण करते.

४. धावपट्टी कोणाची? ती दिवसाचे किती तास मिळते? रात्रीचे दिवे आहेत काय? नसतील तर रात्रीचे ५ तास कोठे होणार आणि त्याचा खर्च कोणाचा?

५. उड्डाणाचा वेळ कसा मोजता? विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागी थांबेपर्यंतचा वेळ उड्डाणात धरला जातो. धावपट्टीच्या कडेला रांगेत वीस मिनिटे थांबावे लागले, तर त्या वीस मिनिटांचेही पैसे पडतात.

६. हवामान किंवा बिघाड यामुळे मागच्या महिन्यात किती उड्डाणे रद्द झाली? 'एकही नाही' हे उत्तर ऐकून आनंदू नका. जी शाळा कधीच नाही म्हणत नाही, ती विद्यार्थ्यालाही नाही म्हणायला शिकवत नाही. 'आज उडू नये' हे वेळेवर ठरवणे हा वैमानिकाच्या शिक्षणाचा मोठा भाग आहे.

७. शुल्क किती हप्त्यांत? २०० तासांत परीक्षा, तपासण्या, राहणे-जेवण, गणवेश, जादा तास हे सारे धरले आहे काय? शाळा मध्येच सोडावी लागली तर किती पैसे परत मिळतील? ही उत्तरे तोंडी घेऊ नयेत, लेखी घ्यावीत.

शाळेच्या कार्यालयात विचारून झाले की बाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना विचारावे: "तू कधी आलास? आतापर्यंत किती तास झाले?" तास भागिले महिने. हाच गासडीच्या आतला मूठभर कापूस.

सरकारी मापही आता उपलब्ध आहे. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ मध्ये उड्डाणशाळांची पहिली प्रतवारी जाहीर केली. ए++, ए, बी आणि सी अशा चार प्रती ठरवल्या होत्या. ३५ शाळांपैकी वरच्या दोन प्रतींत एकही शाळा बसली नाही. १३ शाळांना बी आणि २२ शाळांना सी मिळाली. ही प्रतवारी वर्षातून दोनदा करायचे ठरले आहे, तेव्हा प्रवेशाच्या वेळची ताजी यादी पाहावी. एका यादीवर विसंबण्यापेक्षा लागोपाठच्या दोन-तीन याद्यांत शाळा वर चढली की खाली आली, हे पाहणे अधिक उपयोगी.

कमी दिवसांत, कमी उड्डाणात परवाना हाती ठेवण्याचे आमिष कोणी दाखवील, तर तेथून परत फिरावे. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका दाखवून परवाने मिळवल्याची प्रकरणे देशात उघडकीस आली आणि अटकाही झाल्या. गुणपत्रिकेने माणूस फसेल, हवा फसत नाही. न झालेले तास नोंदवहीत लिहिले तरी ते हाताला येत नाहीत.

शाळेत असतानाच करायची तयारी

उड्डाणशाळेत जायला अवकाश आहे म्हणून स्वस्थ बसू नये. आजपासून करता येतील अशा चार गोष्टी पुढे देत आहोत.

पहिली गोष्ट, वारा वाचायला शिका. शिवडीच्या खाडीतील रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या सुरुवातीला येतात. उडताना ते वाऱ्याकडे तोंड करून चिखलातून धावतात. वाऱ्याकडे तोंड असले की पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग आयताच वाढतो आणि कमी धावून उचल मिळते. विमानेही याच कारणाने वाऱ्याकडे तोंड करून उडतात व उतरतात. मुंबईत वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, म्हणून मोठी विमाने बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. त्या धावपट्टीचा क्रमांक आहे २७. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेले २७० अंश म्हणजे पश्चिम. त्यातले शेवटचे शून्य सोडले की धावपट्टीचा क्रमांक मिळतो. हीच धावपट्टी उलट्या दिशेने वापरली तर तिचा क्रमांक ०९ होतो. वारा जिकडून येतो त्या दिशेचे नाव त्याला देतात, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट, वाऱ्याचा त्रिकोण सोडवा. नकाशात जुहू आणि धुळे यांना जोडणारी रेषा काढा. ती जवळजवळ नेमकी ईशान्येला, म्हणजे ४५ अंशांवर जाते. अंतर सुमारे १५० सागरी मैल. निम्म्या वाटेवर, ७५ मैलांवर, नाशिक येते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर आणि तासाला एक सागरी मैल या वेगाला एक नॉट म्हणतात.

आपल्या विमानाचा हवेतील वेग १०० नॉट आहे. वारा नसेल तर दीड तासात धुळे येईल. आता वायव्येकडून २० नॉटचा वारा सुटला असे समजा. तो आपल्या मार्गाला काटकोनात आहे. वैमानिकाने त्याची दखल न घेता नाक ४५ अंशांवरच ठेवले तर काय होईल? पाऊण तासात वारा विमानाला २० × ०.७५ = १५ मैल आग्नेयेकडे ढकलील. खाली नाशिकऐवजी सिन्नरचा परिसर दिसेल. तरीही सुधारणा केली नाही, तर दीड तासाने विमान धुळ्यापासून ३० मैल, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर दूर, चाळीसगावच्या बाजूला पोचलेले असेल.

उपाय असा. नाक थोडे डावीकडे, वाऱ्याकडे वळवायचे. किती? हवेतील वेग १०० हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण आणि वारा २० ही कोनासमोरची बाजू. साइन = २० ÷ १०० = ०.२, म्हणून कोन सुमारे साडेअकरा अंश. नाक ४५ ऐवजी साडेतेहतीस अंशांवर ठेवायचे. जमिनीवरचा वेग पायथागोरसच्या सिद्धांताने मिळतो: १०,००० मधून ४०० वजा केले की ९,६०० उरतात, त्याचे वर्गमूळ सुमारे ९८ नॉट. वेळ १ तास ३२ मिनिटे. ज्याने सिन्नर पाहताच '४५ मिनिटांत १५ मैल, म्हणजे आडवा वारा २० नॉट' हे ओळखले, तो वैमानिक होण्याच्या वाटेवर आहे.

तिसरी गोष्ट, हवेचे भौतिकशास्त्र पक्के करा. दाब तोच असेल तर हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. १५ अंश सेल्सियस म्हणजे २८८ केल्विन आणि खानदेशातल्या मे महिन्याच्या दुपारचे ४३ अंश म्हणजे ३१६ केल्विन. २८८ ÷ ३१६ = ०.९१. म्हणजे दुपारची हवा ९ टक्के विरळ झाली. तीच उचल मिळवायला विमानाला जवळजवळ ५ टक्के अधिक वेग लागतो आणि इंजिनाला प्राणवायूही कमी मिळतो. परिणामी धावपट्टीवर अधिक लांब धावावे लागते. उन्हाळ्यात शिकाऊ उड्डाणे पहाटे का ठेवतात, याचे एक कारण हे. शिवाय सकाळी तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे झोत नसतात.

चौथी गोष्ट, स्पष्ट बोला आणि ऐका. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे वैमानिकाचे इंग्रजी सहा पायऱ्यांपैकी किमान चौथ्या पायरीचे असावे लागते. मराठी माध्यमातल्या मुलांनी याला भिऊ नये. येथे अलंकारिक भाषेची गरज नसते. ठरलेले शब्द, सावकाश उच्चार आणि ऐकलेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवणे एवढे पुरे. अल्फा, ब्रावो, चार्ली ही अक्षरमाला पाठ करा. एका मित्राने आठ अंकांची सूचना द्यावी, दुसऱ्याने ती लिहून न घेता परत म्हणावी. मालगाडी जात असताना हा खेळ खेळलात तर अधिक चांगले, कारण विमानातही इंजिनाचा आवाज असतोच.

पैशाची बाजू आणि दुसऱ्या वाटा

भारतात व्यावसायिक परवान्यापर्यंतचा खर्च आज साधारणपणे ५० लाख रुपयांच्या पुढे जातो. तेवढ्यावर तो संपत नाही. लहान विमानावर परवाना मिळाल्यानंतर मोठ्या प्रवासी विमानाच्या विशिष्ट प्रकारासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याला आणखी काही लाख लागतात. आणि परवाना म्हणजे नोकरी नव्हे. किंगफिशर ही कंपनी २०१२ मध्ये आणि जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. २०२० मध्ये साथीच्या रोगाने जगभरची विमाने जमिनीवर बसवली. त्या वेळी परवाना हातात, कर्जाचा हप्ता डोक्यावर आणि नोकरी नाही, अशी कित्येक तरुणांची स्थिती झाली. 'नोकरीची हमी' देणाऱ्या शाळेला ती हमी मुद्रांकावर लिहून मागावी. उत्तर काय येते ते पाहावे.

पैसे नसले तर वाट बंद होते असे मात्र नाही. बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेऊन राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देता येते. पुण्याजवळ खडकवासल्याला शिक्षण घेऊन हवाई दलात वैमानिक होता येते आणि प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते. तेथे दृष्टीचे निकष नागरी क्षेत्रापेक्षा कडक आहेत. या परीक्षेच्या तयारीसाठी महाराष्ट्र शासनाने छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ मध्ये सैनिकी सेवा पूर्वप्रशिक्षण संस्था सुरू केली आहे. उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे १९८५ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी प्रवेशपरीक्षा घेऊन विद्यार्थी निवडते. एखाद्या कारणाने वैमानिक होता आले नाही, तरी विमानांची देखभाल, हवाई वाहतूक नियंत्रण आणि हवामानशास्त्र या शाखांत याच भौतिकशास्त्राचा आणि गणिताचा उपयोग होतो.

ज्या मुलाने शाळा निवडताना आकडे मागितले, ते पडताळून पाहिले आणि न पटल्यास माघारी फिरण्याचे धैर्य दाखवले, त्याने वैमानिकाचा पहिला धडा जमिनीवरच गिरवला. पुढे आकाशात इंधनाचा काटा, ढगांची उंची आणि धावपट्टीची लांबी यांच्याशी त्याला हेच करायचे आहे. तेथे त्याच्या मागच्या आसनांवर इतरांची आई-वडील आणि मुले बसलेली असतील.

सोडवून पाहा

१. एका शाळेत उडण्याजोगी ४ विमाने आहेत. प्रत्येक विमान महिन्याला ७० तास उडते. विद्यार्थी २८ आहेत. २०० तास पुरे व्हायला किती महिने लागतील?

२. जुहू ते धुळे जाताना २० नॉटचा वारा बरोबर पाठीमागून आहे. परत येताना तोच वारा समोरून आहे. जाण्यायेण्याचा एकूण वेळ वारा नसतानाच्या ३ तासांइतकाच होईल का?

३. सकाळी २३ अंश व दुपारी ४३ अंश सेल्सियस तापमान असेल, तर दुपारची हवा सकाळपेक्षा किती टक्के विरळ असेल? दाब सारखाच धरावा.

उत्तरे: (१) २० महिने. (२) नाही. जाताना १ तास १५ मिनिटे, येताना १ तास साडेबावन्न मिनिटे, एकूण ३ तास साडेसात मिनिटे. समोरचा वारा अधिक वेळ सोसावा लागतो. (३) सुमारे ६ टक्के.